मिनिटाला साठ खोकी

सोमवार, ६ जानेवारी

मशीन आलं. अकरा वाजता ट्रक दारात, साडेअकराला कळलं की मशीन दारातून आत जात नाही. चार इंच कमी पडले. दाराचं माप मीच घेतलं होतं आणि ते बरोबरच होतं. चौकटीसकट घेतलं होतं, एवढंच. गवंडी बोलावून भिंत फोडली. मालक नुसते भोकाकडे बघत राहिले. आता हवा चांगली खेळेल, असं मी त्यांना सांगितलं.

मशीन आत आल्यावर मालक माझ्याकडे वळून म्हणाले, तुम्हीच बघा आता याच्याकडे. सगळ्यांसमोर म्हणाले. बावीस वर्षं पॅकिंगचा सुपरवायझर राहिल्यावर हे वाक्य कानावर पडलं. याचा अर्थ मला कळतो. मॅनेजर.

मशीनचं काम सोपं आहे. साबणाच्या सहा वड्या पट्ट्यावरून येणार. मशीन घडी केलेलं खोकं आपलं आपण उघडणार, सहाही वड्या एकदम आत ढकलणार, झाकणं दुमडून चिकटवणार. मिनिटाला साठ खोकी. सध्या टेबलावरच्या सात बायका मिळून बावीस भरतात.

३ फेब्रुवारीला मोठ्या दुकानवाल्यांचे खरेदी साहेब बघायला येणार आहेत. मशीन चाललं तर ऑर्डर दुप्पट, सगळे कामावर राहणार. नाही चाललं तर मशीन परत आणि पॅकिंग बाहेरच्या कंत्राटदाराकडे. म्हणजे सातजणी घरी आणि आठवा मी. पण हे आपलं बोलायचं म्हणून. चार आठवडे आहेत. मला दोन पुरतील.

संकल्प: ही वही रोज लिहिणे. कुणी वाचावी म्हणून नाही. पुढेमागे कारखान्याचा इतिहास लिहायला कुणी मागितली तर गोष्ट वेगळी.

मंगळवार, ७ जानेवारी

सकाळी बायकांना उभं करून मशीनबद्दल बोललो. वीस मिनिटं. ऑटोमॅटिक, टेक्नॉलॉजी, काळाबरोबर चालणं वगैरे. एकीला जांभई आली, पण तिची आदल्या रात्री झोप झाली नसावी.

आत्याने हात वर केला. टेबलाची मुख्य तीच, एकतीस वर्षं इथे. माझ्या वडिलांची सख्खी बहीण. मला इथे चिकटवलं तेही तिनेच, पण तो इतिहास झाला. तिने विचारलं, खोकं कोण उघडणार? मी सांगितलं, मशीन. तिने विचारलं, कसं? मी सांगितलं, रबरी वाट्या हवा ओढून खोकं धरतात, खोकं उघडतं. ती म्हणाली, आणि नाही उघडलं तर? मी म्हटलं, ऑटोमॅटिक आहे. ती म्हणाली, ठोंब्या, तुला कळलेलं नाही.

सगळ्यांसमोर ठोंब्या. माझं वय शेहेचाळीस.

गुरुवार, ९ जानेवारी

मशीनच्या कंपनीचा इंजिनिअर दोन दिवस होता. आज गेला. त्याने स्वतःबरोबर आणलेली नमुन्याची खोकी लावली आणि मिनिटाला अठ्ठावन्न काढून दाखवली. मी घड्याळ लावून बघितलं. डोळ्यांत पाणी आलं. बहुतेक गोंदाच्या वासाने.

ट्रेनिंग घेतलं. म्हणजे कागदावर सही केली. मधे थोडा वेळ मला बाहेर जावं लागलं, कारण मशीनशेजारी काचेची केबिन बांधायचं काम सुरू होणार आहे आणि मिस्त्रीला मी सोडून कोण सांगणार की दार कुठल्या बाजूला हवं. परत आलो तेव्हा इंजिनिअर खोक्यांच्या घडीबद्दल काहीतरी सांगत होता. मी मान हलवली. मॅन्युअल दोनशे चौदा पानांचं आहे. मथळे वाचले. सगळं ओळखीचंच वाटलं.

केबिन कुणासाठी हे मालकांनी सांगितलेलं नाही. सांगायला कशाला हवं?

शुक्रवार, १० जानेवारी

मशीन सोमवारनंतर सुरू करू. तोवर हाताच्या कामात शिस्त. स्टॉपवॉच घेऊन टेबलाजवळ उभा राहिलो. धक्कादायक गोष्ट नजरेस आली. स्टोअरमधून सपाट खोक्यांचा गठ्ठा आला की प्रत्येक बाई तो मांडीवर घेते, गुडघ्यावर एकदा इकडे वाकवते, एकदा तिकडे, वर दोन थापा मारते आणि मगच खोकी उघडायला घेते. गठ्ठ्याला नऊ सेकंद. एकतीस वर्षांत किती सेकंद झाले याचा हिशेब करत होतो, पण कॅल्क्युलेटरची बॅटरी गेली.

आत्याला विचारलं, हे कशासाठी? म्हणाली, घडी मोडायला. तुझ्या जन्माआधीपासून मोडतोय. हे खोटं आहे. माझ्या जन्माच्या वेळी ती शाळेत होती.

नोटीस लावली: गठ्ठे वाकवण्यास सक्त मनाई.

दुपारनंतर मिनिटाला बावीसची चौदा झाली. नवीन गोष्टीला विरोध म्हणतात तो हाच.

मंगळवार, १४ जानेवारी

पहिली ट्रायल. आमची खोकी, आमचा साबण. हिरवं बटण मी दाबलं. फोटो काढायला शिपायाला सांगितलं होतं.

मशीन सुंदर चाललं. पट्टा चालला, ढकलणारा दांडा चालला, गोंद चालला. फक्त खोकं उघडलं नाही. दांड्याने सहा वड्या बंद खोक्यावर ढकलल्या आणि त्या सहा दिशांना गेल्या. एक शिपायाच्या खिशात. फोटो हलला.

एकूण एका मिनिटात खोकी अकरा. त्यातली मिटलेली दोन. साबण आत असलेलं एक. ते एक मात्र अप्रतिम होतं. आत्याकडे बघायचं टाळलं.

इंजिनिअरला फोन केला. त्याने विचारलं, खोकी उघडताहेत का? मी म्हटलं, मुद्दा तो नाही.

गुरुवार, १६ जानेवारी

दोष सापडला. व्होल्टेज. इलेक्ट्रिशियन आला, मोजलं, व्होल्टेज व्यवस्थित म्हणाला. हल्ली चांगले इलेक्ट्रिशियन मिळत नाहीत.

खोकी: तेरा. बरोबर: दोन. प्रगती शंभर टक्के.

शनिवार, १८ जानेवारी

घरी जेवणाआधी बायकोला मशीन समजावून सांगितलं. टूथपेस्टचा रिकामा खोका चपटा करून टेबलावर ठेवला आणि दोन बोटांनी उचलून उघडायला गेलो. उघडेना. बरेच दिवस पुस्तकाखाली दाबलेला होता. बायकोने तो हातातून घेतला, उलटा वाकवला, कडा दाबल्या, फट्‌ करून उघडला आणि त्यात उरलेली बटणं भरून ठेवली. मग विचारलं, पुढे काय करतं तुमचं मशीन?

घरगुती खोका आणि इंडस्ट्रियल खोकं यातला फरक तिला समजावला. ती भाजी चिरत होती. ऐकत असावी.

मंगळवार, २१ जानेवारी

रबरी वाट्या कोरड्या पडल्यात असं माझं मत झालं. तेल लावलं. चूक झाली असं म्हणणार नाही, पण खोकी धरली न जाता सटकायला लागली. एक पंख्यावर जाऊन बसलं. अजून तिथेच आहे.

बायका हसल्या. आत्या हसली नाही. ती जेवणाच्या सुट्टीत माझ्याजवळ येऊन बसली आणि हळू आवाजात म्हणाली की तिच्या शेजारच्या दोघींच्या घरी दुसरं कमावणारं कुणी नाही, आणि तिला स्वतःला रिटायर व्हायला चौदा महिने आहेत. मी म्हटलं, काळजी करू नकोस, सगळं माझ्या हातात आहे. ती म्हणाली, तीच काळजी आहे.

वाट्या साबणाने धुतल्या. साबणाला तोटा नाही.

शुक्रवार, २४ जानेवारी

केबिनच्या भिंती उभ्या राहिल्या. काच चांगली जाड आहे. मिस्त्री म्हणाला, आवाज बाहेर येऊ नये म्हणून. म्हणजे गुप्त चर्चा होणार. पडदा निळा हवा असं त्याला सांगितलं. तो म्हणाला, पडदा? मी म्हटलं, निळा.

मशीन: सतरा खोकी, चार बरोबर. दुपारी पुन्हा दोन.

मंगळवार, २८ जानेवारी

मालकांनी कुठवर आलं म्हणून विचारलं. नव्वद टक्के, असं सांगितलं. हे खरं आहे. मशीनचे दहा भाग धरले तर नऊ झकास चालतात. खोकं उघडणं हा एकच भाग उरला.

बिघडलेली खोकी पाण्याच्या टाकीमागे ठेवत होतो. झाडूवाल्या बाईने ती आज मालकांसमोरूनच ओढत बाहेर नेली. चार फेऱ्या. मालकांनी विचारलं, हे काय? मी म्हटलं, सॅम्पल.

रात्री दोनपर्यंत झोप लागली नाही. चहा जास्त झाला असेल.

गुरुवार, ३० जानेवारी

संकटात डोकं शांत ठेवणारा तो खरा मॅनेजर. प्लॅन केला. नाव: डेमो मोड. सोमवारी पाहुणे समोर उभे राहतील. मशीन रिकामं चालेल, आवाज वगैरे सगळा. मागच्या बाजूला पडदा (निळा). पडद्यामागून बायका हाताने भरलेली खोकी शेवटच्या पट्ट्यावर सोडतील. पाहुण्यांना इकडून मशीन दिसेल, तिकडून खोकी. मधलं कोण बघतं?

आत्याला प्लॅन सांगितला. तिने दोन वेळा सांगायला लावला. मग ती स्टुलावर बसून पदराने डोळे पुसेपर्यंत हसली. मग हसायची थांबली आणि म्हणाली की मिनिटाला साठ खोकी सातजणी पडद्यामागून सोडू शकत असत्या तर मशीन कशाला आणलं असतं?

या मुद्द्यावर विचार करायला वेळ हवा. तिने उद्या जेवणाच्या सुट्टीत मशीन अर्धा तास तिच्याकडे देशील का म्हणून विचारलं. अर्थातच नाही म्हटलं. ट्रेनिंग घेतलेल्या माणसाशिवाय कुणी हात लावायचा नाही असा नियम आहे. नियम मीच केलाय.

शुक्रवार, ३१ जानेवारी

विजय.

सकाळी वाट्या पुन्हा एकदा पुसल्या. जेवणाच्या सुट्टीत सोमवारसाठी केस कापून यायला बाहेर गेलो. परत आलो तर मशीन चालू. पट्ट्यावर खोक्यांची रांग. बंद, चौकोनी, सहा सहा वड्यांची. टोपल्याच्या टोपल्या भरल्या होत्या. मी मोजलं: मिनिटाला सत्तावन्न.

आत्या मशीनच्या तोंडाशी उभी होती. बाकीच्या सहाजणी ओळीने बसून गठ्ठे गुडघ्यावर वाकवत होत्या, थापा मारत होत्या आणि तिच्या हातात देत होत्या. नोटिशीच्या खालीच बसल्या होत्या.

कारण उघड आहे. रबर पुसल्यावर सेट व्हायला काही तास लागतात. सकाळी पुसलं, दुपारी सेट झालं. आत्याला तसं सांगितलं. तिने माझ्या डोक्याकडे बघितलं आणि विचारलं, केस कुणी कापले?

बायकांना वाकवू दिलं. सवय आहे, एकदम तुटत नाही. मन मोठं ठेवावं लागतं.

सोमवार, ३ फेब्रुवारी

जे घडलं ते घडलं तसं लिहितो.

खरेदी साहेब अकराला आले. बरोबर दोन माणसं. मालक. मी, नव्या शर्टात. पाहुणे यायच्या आधी मी सहाजणींना भिंतीशी उभं केलं. मॉडर्न मशीनसमोर बायका जमिनीवर बसून पुठ्ठा बडवताहेत हे दृश्य बरं दिसत नाही. स्टोअरमधून नवे करकरीत गठ्ठे मागवले, स्वतःच्या हाताने लावले. आत्या काहीतरी सांगायला आली, तिला म्हटलं, नंतर.

हिरवं बटण.

पहिलं खोकं उघडलं नाही. दुसरंही नाही. साबण उडायला लागले. मी पाहुण्यांना म्हटलं, वॉर्मिंग अप. चौथ्या खोक्याची एक वडी खरेदी साहेबांच्या चष्म्याला लागली. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मालक खाली जमिनीकडे बघत होते. भिंतीशी उभ्या सहाजणींपैकी एकीने तोंडावर पदर घेतला. ती हसत नव्हती.

लाल बटण सापडेना. ते लाल असतं आणि माझ्या समोरच असतं.

आत्या आली. म्हणाली, ठोंब्या, बाजूला हो. लाल बटण दाबलं. मी लावलेले सगळे गठ्ठे काढले. खाली बसली, एकेक गठ्ठा गुडघ्यावर घेतला, इकडे वाकवला, तिकडे वाकवला, थापा मारल्या. कुणी न सांगता सहाहीजणी येऊन बसल्या. दोन मिनिटं नुसत्या थापा. मग तिने हिरवं बटण दाबलं.

सत्तावन्न. एकसुद्धा वाया नाही.

खरेदी साहेबांनी तिला विचारलं, काय केलंत? तिने सांगितलं, खोकी स्टोअरमध्ये सहा सहा महिने दाबून पडतात, घडी धरून बसतात. मोडली की उघडतात. एवढंच. साहेबांनी विचारलं, इथे इनचार्ज कोण? मी म्हटलं, मी. मालक म्हणाले, ह्या बाई. दोघं एकदमच बोललो, त्यामुळे पाहुण्यांना नीट ऐकू आलं नसावं.

ऑर्डर मिळाली. दुप्पट. सगळे कामावर.

बायका एकमेकींच्या गळ्यात पडल्या. मी टॉयलेटमध्ये जाऊन पाच मिनिटं बसलो. गठ्ठे वाकवल्यामुळेच मशीन चालतं हे मला आज कळलं, हे इथे लिहून ठेवतो. पण मूळ कल्पना पाहिली तर मी बंदी घातली म्हणूनच ते सिद्ध झालं.

बुधवार, ५ फेब्रुवारी

मालकांनी लेखी रिपोर्ट मागितला. नव्या मशीनवर कोण कोण लागेल? इतका महत्त्वाचा रिपोर्ट माझ्याकडेच मागितला, हे नोंदवण्यासारखं आहे.

पाच पानं लिहिली. मशीनवर ऑपरेटर: आत्या. गठ्ठे वाकवायला: सहाजणी, शिवाय ऑर्डर वाढल्यामुळे आणखी एक माणूस, एकूण सात. आत्याला ऑपरेटर लिहिताना पेन अडलं, खोटं कशाला बोला. पण मॅनेजरच्या हाताखाली चांगला ऑपरेटर असावा.

एकच प्रश्न होता, सुपरवायझरचं पद. मी वर सरकणार, मग ते पद कशाला ठेवा? उद्या कुणीतरी दुसरा येऊन बसेल आणि माझ्याच कामात नाक खुपसेल. शिवाय मला आता मॅनेजर करायचंय, हे मालकांना सूचकपणे समजेलही. म्हणून चौथ्या पानावर स्पष्ट लिहिलं: मशीन पूर्ण ऑटोमॅटिक असल्याने सुपरवायझरची गरज उरलेली नाही. खाली लाल रेघ मारली.

बायकोला वाचून दाखवला. तिने चौथं पान परत वाचायला सांगितलं. मग विचारलं, तुम्ही कोण आहात सध्या? मी म्हटलं, सुपरवायझर. ती भांडी घासायला उठली. तिला या गोष्टींतलं कळत नाही.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

केबिन तयार झाली. सकाळी आठलाच गेलो. कप, कॅलेंडर, बायकोबरोबरचा फोटो, पेनस्टँड, सगळं एका साबणाच्या खोक्यात घालून.

केबिनमध्ये कॉम्प्रेसर बसवत होते. मशीनला हवा पुरवतो तो. फार आवाज करतो म्हणून जाड काच. फिटरने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, बरं झालं आलात, हा पाइप धरा.

धरला. दुसरं काय करणार?

शनिवार, ८ फेब्रुवारी

मालकांनी बोलावलं. रिपोर्ट टेबलावर होता. म्हणाले, इतका प्रामाणिक रिपोर्ट आजवर कुणी दिला नाही. स्वतःचं पद जात असताना असं लिहायला छाती लागते. मी म्हटलं, साहेब, चौथ्या पानाचा अर्थ थोडा... ते म्हणाले, रिपोर्ट जसाच्या तसा मंजूर.

मग म्हणाले, बावीस वर्षं इथे असलेल्या माणसाला मी काढणार नाही. तुम्हीच लिहिलंय ना, वाकवायला आणखी एक माणूस लागेल?

त्यांनी हात पुढे केला. मी हातात हात दिला.

घरी सांगितलं. बायकोने चहा केला, साखर नेहमीपेक्षा जास्त घातली. मला रडू आलं. थोडंसंच.

सोमवार, १० फेब्रुवारी

नवं काम. आठ तास. गुडघा सुजला. माझ्या गठ्ठ्यांतली नऊ खोकी मशीनने परत फेकली. आत्या म्हणाली, मनगटाने नाही, कोपरापासून. दोनदा करून दाखवलं. तिचा हात बघत राहिलो. बावीस वर्षं त्या टेबलाशेजारी उभा होतो, पण मी स्टॉपवॉच बघत होतो.

संकल्प: महिन्याभरात गठ्ठा सात सेकंदांवर आणणे.

सोमवार, १७ फेब्रुवारी

परत फेकलेली खोकी: तीन. सकाळी खरेदी साहेब आपल्या वरच्या लोकांना घेऊन मशीन दाखवायला आले. आत्या ऑपरेटर, म्हणून माहिती तिनेच दिली. मशीन दाखवून झाल्यावर ती पाहुण्यांना आमच्या ओळीपाशी घेऊन आली आणि एकेकीची ओळख करून द्यायला लागली. पहिलीपाशी थांबून म्हणाली, हिच्याशिवाय हे मशीन चालत नाही. दुसरीबद्दलही तेच, हिच्याशिवाय चालत नाही. तिसरी, चौथी, पाचवी, सहावी. प्रत्येकीबद्दल नेमके तेच शब्द. पाहुणे प्रत्येकीला नमस्कार करत होते.

मी शेवटी बसलो होतो. गठ्ठा खाली ठेवला, शर्ट नीट केला, पाठ ताठ केली. तिचं वाक्य मला पाठ झालं होतं. पाहुण्यांना काय उत्तर द्यायचं तेही ठरवलं, सगळं टीमचं श्रेय.

आत्या माझ्यासमोर थांबली. माझ्या खांद्यावर हात ठेवला. चांगल्या मनाने ठेवला, ते मला कळलं, आणि म्हणूनच जास्त लागलं. म्हणाली, हा नवीन आहे. शिकेल.

पाहुणे म्हणाले, हो का, आणि पुढे गेले.